अमेरिकेतील वांशिक संपत्ती-विषमता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गोऱ्या व कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालमत्तेत आढळणारी आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली तफावत. मालमत्ता या शब्दाने येथे निव्वळ मालमत्ता अभिप्रेत आहे. घर, जमीन, ठेवी, कंपन्यांचे भाग, निवृत्तिवेतन-निधी, धंद्यातील भांडवल इत्यादींच्या एकूण मूल्यातून कर्जे वजा जाता जे उरते ती निव्वळ मालमत्ता होय. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकन मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीप्रमाणे गोऱ्या कुटुंबांच्या निव्वळ मालमत्तेचा मध्यक (ज्याच्या वर निम्मी व खाली निम्मी कुटुंबे येतात असे मूल्य) सु. २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबांचा सु. ४४,९०० डॉलर होता. त्याच वर्षी कृष्णवर्णीय कुटुंबाचे मध्यक उत्पन्न गोऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून थोडे अधिक होते. मालमत्तेच्या बाबतीत मात्र हे प्रमाण एक-षष्ठांशाहूनही कमी भरते. उत्पन्नातील अंतरापेक्षा मालमत्तेतील अंतर इतके मोठे का, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर आजच्या वेतनमानात फारसे सापडत नाही. ते जमीन, पतपुरवठा आणि वारसा यांच्या इतिहासात शोधावे लागते.

उत्पन्न हा प्रवाह आहे, तर संपत्ती हा साठा. आजारपण, बेकारी वा पिकाची बुड यांसारख्या आपत्तींत कुटुंबाला सावरते ती शिल्लक. मुलाचे उच्च शिक्षण, घराचा पहिला हप्ता किंवा नव्या धंद्याचे भांडवल यांसाठी उपयोगी पडते तीही शिल्लकच. शिवाय संपत्ती स्वतःच उत्पन्न देते आणि वारसाहक्काने पुढील पिढीकडे जाते. त्यामुळे एका पिढीवरील अन्याय दूर झाला, तरी त्याचा परिणाम पुढील पिढ्यांच्या ताळेबंदात शिल्लक राहतो. चक्रवाढीचा साधा हिशेब येथे ध्यानात घ्यावा लागतो. द. सा. द. शे. ४ दराने गुंतविलेले ५० डॉलर दीडशे वर्षांत सु. १८,००० डॉलर होतात. जुन्या काळात हिरावल्या गेलेल्या लहानशा रकमांना महत्त्व येते ते यामुळेच.

एलोरा डेरेनॉनकोर्ट व तिच्या सहकाऱ्यांनी जनगणना, करनोंदी व कौटुंबिक पाहण्या यांच्या आधारे १८६० ते २०२० या काळाची सलग आकडेमाला तयार केली आहे. तीनुसार १८६० मध्ये गोऱ्यांची दरडोई संपत्ती कृष्णवर्णीयांच्या सु. ६० पट होती. १९२० च्या सुमारास हे प्रमाण १० पटींवर आले, विसाव्या शतकाच्या मध्यास ७ पटींच्या आसपास गेले आणि त्यानंतर त्यात अल्पच घट झाली. १९८० नंतर तर ती घटही थांबली. अलीकडे हे प्रमाण सु. ६ पट आहे. मुक्तीनंतरच्या पहिल्या पन्नास वर्षांत, म्हणजे कायदा व समाज दोन्ही प्रतिकूल असताना, अंतर सर्वांत वेगाने कमी झाले आणि नागरी हक्कांचे कायदे संमत झाल्यानंतर काही काळाने ते कमी होणे थांबले, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिचा काही भाग निव्वळ गणिती आहे, कारण शून्याजवळून सुरुवात करणाऱ्याची थोडीशी बचतही प्रमाण झपाट्याने बदलते. उरलेला भाग मात्र ऐतिहासिक आहे.

गुलामगिरी व भांडवल : १८६० च्या जनगणनेत सु. ३९.५ लक्ष गुलाम व सु. ४.९ लक्ष मुक्त कृष्णवर्णीय अशी नोंद आहे. गुलाम हा कायद्याने स्वतःच मालमत्ता असल्यामुळे त्याला मालमत्ता धारण करता येत नसे. त्याचे श्रम, त्याची अपत्ये व त्याने मिळविलेली वस्तू या सर्वांवर मालकाचा हक्क चाले. त्या वर्षी सर्व गुलामांचे बाजारभावाने होणारे मूल्य सु. ३ ते ३.५ अब्ज डॉलर होते असा अंदाज आहे. देशातील लोहमार्ग व कारखाने यांत गुंतलेल्या एकूण भांडवलाहूनही ही रक्कम मोठी होती. गुलामांना गहाण ठेवून कर्ज काढता येई व त्या कर्जातून आणखी जमीन व आणखी गुलाम खरेदी केले जात. न्यू ऑर्लीन्समधील बँका, न्यूयॉर्कचे अडते व लिव्हरपूलचे व्यापारी या साखळीत गुंतलेले असल्याने गुलामगिरीचा नफा दक्षिणेतील मळेवाल्यांपुरता मर्यादित नव्हता. युद्धापूर्वी अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचे होते. या कापसाचे महत्त्व मुंबईलाही कळून चुकले. यादवी युद्धामुळे (१८६१–६५) अमेरिकन कापूस लँकेशरच्या गिरण्यांना मिळेनासा होताच मुंबईत कापसाचे भाव भडकले, सट्ट्याला ऊत आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेक बँका व कंपन्या कोसळल्या.

गुलामांजवळ काहीच नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या किनारी भागात नेमून दिलेले काम संपल्यावर उरलेल्या वेळात गुलामांना स्वतःचा वाफा कसता येई. कोंबड्या, डुकरे, क्वचित घोडा अशी त्यांची मत्ता शेजारीपाजारी व मालकही मानीत. परंतु ती कायद्याला अमान्य होती. युद्धात उत्तरेच्या सैन्याने घेतलेल्या मालाची भरपाई देण्यासाठी १८७१ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे पूर्वीच्या गुलामांनीही दावे मांडले आणि त्यांपैकी काही मंजूर झाले. या दाव्यांतील जबान्या हा काटकसर व संचय यांच्या वृत्तीचा मोठा पुरावा होय; बचतीची सवय नसल्यामुळे कृष्णवर्णीय मागे राहिले, हे फार काळ रूढ असलेले मत त्यांच्यापुढे टिकत नाही.

भूमीवाटपाचा प्रश्न : गुलामगिरीच्या अंताबरोबर भरपाईचा विचार झाला तो प्रथम मालकांच्या बाजूने. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड दिले. अमेरिकेत १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने वॉशिंग्टन राजधानीच्या प्रदेशातील गुलाम मुक्त झाले, तेव्हा संघराज्य शासनाशी एकनिष्ठ असलेल्या मालकांना दर गुलामामागे कमाल ३०० डॉलरपर्यंत रक्कम देण्यात आली. मुक्त झालेल्यास देशाबाहेर वसाहतीस जायचे असेल, तरच कमाल १०० डॉलरची तरतूद होती. दक्षिणेतील मालकांना पुढे भरपाई मिळाली नाही. पण गुलामांनाही ती मिळाली नाही.

१२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना येथे सेनापती विल्यम शर्मन व युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची भेट घेतली. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर याने निःसंदिग्ध मागणी केली, ती स्वतः कसता येईल अशा जमिनीची. चारच दिवसांनी शर्मनने विशेष आदेश क्र. १५ काढला. चार्ल्स्टनपासून फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतच्या किनारी पट्ट्यातील सु. ४ लक्ष एकर जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचे या आदेशाने ठरले आणि सु. ४०,००० लोक तेथे वसलेही. तथापि एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली. नवा अध्यक्ष अँड्रू जॉन्सन याने बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन वर्ष संपण्यापूर्वीच जमिनी परत करण्याचा हुकूम दिला, आणि ज्या सैन्याने हे लोक वसविले त्याच सैन्याने त्यांतील बहुतेकांना उठविले. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून त्या मुक्त कुटुंबांत वाटाव्यात ही थॅडिअस स्टीव्हन्स याची योजना काँग्रेसने स्वीकारली नाही. खासगी मालमत्तेच्या पावित्र्याची ढाल त्या वेळी पुढे करण्यात आली. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्याच मालमत्तेत माणसेही मोडत होती, याची आठवण थोड्यांनाच झाली.

शासनाजवळ द्यायला जमीन नव्हती असे नाही. १८६२ च्या वसाहत कायद्याने (होमस्टेड ॲक्ट) पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. या कायद्याखाली कालांतराने सु. २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या सु. दशांश भूमीचे वाटप झाले. ही भूमी मूळची अमेरिकन इंडियन जमातींकडून घेतलेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. अर्जदार नागरिक अथवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेला असावा अशी अट होती. कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व १८६६ चा कायदा व १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यांपूर्वी मान्य नव्हते. कॅनझसमधील निकोडीमस (स्था. १८७७) यांसारख्या काही वसाहती कृष्णवर्णीयांनी वसविल्या, तथापि प्रवास, बैल, अवजारे व पहिल्या पिकापर्यंतचे अन्न यांसाठी लागणारी पुंजी ज्यांच्याजवळ नव्हती, त्यांना फुकटची जमीनही महागच होती. पाच दक्षिणी राज्यांतील सार्वजनिक जमिनी लहान शेतकऱ्यांसाठी राखण्याचा १८६६ चा कायदा दहा वर्षांत रद्द झाला.

बचत बँक : ३ मार्च १८६५ रोजी काँग्रेसने मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापण्यास मान्यता दिली. सैनिकांचे वेतन व मजुरांची मिळकत सुरक्षित राहावी, हा तिचा हेतू होता. खातेपुस्तकावर लिंकनची प्रतिमा असे व शाखांमधून शासनाच्या पाठबळाची भाषा बोलली जाई. वस्तुतः शासनाची हमी नव्हती. आरंभी ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतविण्याचे बंधन होते. १८७० मध्ये ते सैल करण्यात आले आणि बँकेचा पैसा वॉशिंग्टनमधील जमिनींच्या सट्ट्यात व संचालकांच्या ओळखीच्या ऋणकोंकडे गेला. वित्तसमितीचा प्रमुख हेन्री कुक हा जे कुक या प्रसिद्ध पेढीवाल्याचा भाऊ होता. १८७३ च्या आर्थिक अरिष्टात ती पेढी बुडाली. मार्च १८७४ मध्ये नाव सावरण्यासाठी फ्रेडरिक डग्लस यास अध्यक्ष करण्यात आले. त्याने स्वतःचे १०,००० डॉलर बँकेत ठेवले. परंतु जूनअखेर बँक बंद पडली. त्या वेळी सु. ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लक्ष डॉलर, म्हणजे सरासरी दरडोई सु. ५० डॉलर, तिच्यात होते. सुमारे निम्म्या ठेवीदारांना अनेक वर्षांनी आपल्या रकमेचा तीन-पंचमांश भाग मिळाला; उरलेल्यांना त्याहून कमी अथवा काहीच नाही. आर्थिक हानीइतकीच विश्वासाची हानी झाली. कृष्णवर्णीयांचा बँकांवरील अविश्वास पुढे अनेक पिढ्या टिकला, असे डग्लस व नंतर ड्यू बॉइस यांच्या लेखनावरून दिसते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, तो नेमका या घडामोडींचा काळ होता. मुक्तीची वार्ता पुण्यापर्यंत पोहोचली होती. मुक्तांच्या हाती जमीन वा भांडवल आले नाही, ही वार्ता तितकी दूरवर गेली नाही.

अर्धेली व कर्ज : जमीन मळेवाल्याची, श्रम कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे, अशी अर्धेलीची पद्धत युद्धानंतर दक्षिणेत रूढ झाली. बी, खत, धान्य व कापड दुकानदाराकडून उधारीवर घ्यावे लागे आणि त्यासाठी उभे पीक तारण द्यावे लागे. रोखीची व उधारीची किंमत वेगळी असल्याने व्याज दिसत नसे. १८८० च्या दशकातील जॉर्जियासाठी रॅन्सम व सच या अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रच्छन्न दर सालीना सु. ६० टक्के काढला आहे. धान्याऐवजी कापूसच पेरण्याचा सावकाराचा आग्रह असे, कारण कापूस खाऊन टाकता येत नाही. वर्षअखेरच्या हिशेबात बाकी निघाली, की कूळ पुढील वर्षीही त्याच जमिनीला बांधले जाई. या पद्धतीत गरीब गोरी कुळेही भरडली गेली. तथापि हिशेबाची वही आव्हानित करण्यासाठी लागणारे मत, न्यायपंचांतील स्थान व पोलीस-संरक्षण ही तिन्ही साधने कृष्णवर्णीयांकडून १८९० नंतर पद्धतशीरपणे काढून घेण्यात आली. भटकेपणाच्या आरोपावरून पकडलेल्या कैद्यांना खाणी व मळे यांना भाड्याने देण्याची प्रथाही अनेक राज्यांत होती.

या परिस्थितीतही जमिनी घेतल्या गेल्या. जॉर्जिया राज्यात १८७४ पासून करनोंदी वर्णानुसार वेगळ्या ठेवल्या जात. त्यांच्या आधारे ड्यू बॉइस याने १९०१ मध्ये दाखविले, की कृष्णवर्णीयांची जमीन सु. ३.४ लक्ष एकरांवरून १९०० पर्यंत सु. १०.७ लक्ष एकरांवर गेली होती. लोकसंख्येत जवळजवळ निम्मा वाटा असलेल्या समाजाच्या मानाने हे क्षेत्र किरकोळच. परंतु ते उधारीच्या जाळ्यातून बाहेर पडून विकत घेतलेले होते. १९१० च्या सुमारास देशभरात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मालकीची सु. दीड कोटी एकर जमीन होती. विषमतेचे प्रमाण ६० वरून १० पटींवर आले, त्यामागे हे संपादन आहे.

अशा संचयावर प्रत्यक्ष हल्लेही झाले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराचा ग्रीनवुड हा भाग दुकाने, उपाहारगृहे, वृत्तपत्रे व चित्रपटगृहे यांनी गजबजलेला होता. ३१ मे व १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने त्यातील सु. ३५ चौक जाळले. १,२०० हून अधिक घरे नष्ट झाली. विमापत्रात दंगलीचा अपवाद असल्याचे कारण दाखवून विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली, आणि नगरपालिकेने पुनर्बांधणी अवघड करणारे नियम करण्याचा प्रयत्न केला. हयात असलेल्या वृद्ध पीडितांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला.

गृहकर्जाचे राजकारण : विसाव्या शतकातील अमेरिकन मध्यमवर्गाची संपत्ती प्रामुख्याने घरामुळे निर्माण झाली आणि घराच्या या मालकीस शासनाने सक्रिय हातभार लावला. महामंदीपूर्वी निम्मी किंमत रोख व उरलेली थोड्या वर्षांत फेडणे असा गृहकर्जाचा सामान्य प्रघात होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने कर्जाची हमी घेतली, तेव्हा अल्प आगाऊ रक्कम व वीस-तीस वर्षांची परतफेड शक्य झाली. पगारदार माणसाला भाड्याइतक्या हप्त्यात मालक होता येऊ लागले. मात्र या संस्थेच्या नियमपुस्तिकेने मिश्र वस्तीतील घर हे जोखमीचे तारण मानले. १९३८ च्या आवृत्तीत तर विशिष्ट वंशाच्या लोकांना घर विकण्यास वा राहण्यास मज्जाव करणारी कलमे खरेदीखतात असावीत, अशी शिफारस होती. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका विकासकाला हमी मिळावी, म्हणून त्याने आपली वसाहत व शेजारची कृष्णवर्णीय वस्ती यांच्यामध्ये सु. अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत बांधली. ती अजून उभी आहे. अशी कलमे न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पण न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउनसारख्या हजारो घरांच्या वसाहती तोवर गोऱ्यांपुरत्याच वसू लागल्या होत्या.

या संदर्भात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने तयार केलेल्या, धोक्याच्या वस्त्या लाल रंगात दाखविणाऱ्या शहरांच्या नकाशांचा नेहमी उल्लेख होतो. या संस्थेने स्वतः मात्र लाल भागांतील कृष्णवर्णीयांनाही कर्जे दिली होती. त्यामुळे दोष नकाशांकडे किती व फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या धोरणाकडे किती, याविषयी अलीकडील संशोधकांत मतभेद आहेत. दुसऱ्या संस्थेचे धोरण अधिक परिणामकारक होते, हे मत सबळ दिसते. सामाजिक सुरक्षा कायद्यातून (१९३५) शेतमजूर व घरकामगार वगळले गेले, त्यातही कृष्णवर्णीय कामगारांपैकी सु. ६५ टक्के बाहेर राहिले. ही तरतूद दक्षिणी प्रतिनिधींच्या दबावामुळे झाली की वसुलीच्या अडचणींमुळे, हा वाद आहे. परिणामाविषयी वाद नाही. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीचा १९४४ चा कायदा भाषेने वर्णनिरपेक्ष होता. कर्ज देणाऱ्या बँका मात्र स्थानिक होत्या. मिसिसिपीतील १३ शहरांच्या १९४७ च्या पाहणीत ३,२२९ हमी-कर्जांपैकी फक्त २ कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली आढळली.

ज्यांना बँकेचे दार बंद होते त्यांच्यासाठी दुसरा बाजार उभा राहिला. शिकागोत सट्टेबाज गोऱ्यांकडून स्वस्तात घर घेऊन ते कृष्णवर्णीय कुटुंबास चढ्या भावाने हप्त्यांवर विकत. या व्यवहारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत होत नसे, एक हप्ता चुकला तरी घर परत जाई आणि आधी भरलेले सर्व पैसे बुडत. मग तेच घर पुन्हा विकले जाई. ड्यूक विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासाप्रमाणे या घरांची किंमत सरासरी ८४ टक्क्यांनी वाढवून लावलेली होती आणि १९५०–७० या काळात शिकागोतील कृष्णवर्णीयांचे ३ ते ४ अब्ज डॉलर (आजच्या मूल्याने) त्यात गेले. १९६८ मध्ये या खरेदीदारांनी संघटना स्थापून हप्ते रोखून धरले व काहींनी नवे करार मिळविले.

ग्रामीण भागात याच सुमारास जमीन निसटत होती. १९२० मध्ये सु. ९.२५ लक्ष कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे देशातील दर सात शेतकऱ्यांत एक. शतकाअखेर त्यांची संख्या २०,००० च्या खाली आली. यंत्रे व उत्तरेकडील स्थलांतर ही त्याची सर्वसामान्य कारणे झाली. १९३३ नंतर कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी दिलेले अनुदान जमीनमालकांच्या हाती गेल्याने कुळे निघाली, तर जे मालक होते त्यांना कृषी खात्याच्या स्थानिक समित्यांकडून कर्जे उशिरा, अपुरी किंवा मुळीच मिळाली नाहीत. आणखी एक कारण मराठी वाचकास परिचित वाटेल. मृत्युपत्र न करता मालक वारला, की जमीन सर्व वारसांच्या अविभक्त मालकीची होई. दोन-तीन पिढ्यांत हिस्सेदार डझनावारी होत व अनेक दूरच्या शहरांत विखुरत. अशा एखाद्या वारसाचा लहान हिस्सा विकत घेऊन त्रयस्थ माणूस वाटपाचा दावा लावी. न्यायालय सरस-निरस वाटप अशक्य ठरवून संपूर्ण जमिनीच्या लिलावाचा हुकूम देई, आणि रोख पैसा असलेला तोच माणूस ती कमी भावात उचली. सहहिस्सेदारांना प्रथम खरेदीचा हक्क देणारा नमुना-कायदा २०१० मध्ये तयार झाला व नंतर अनेक राज्यांनी स्वीकारला.

१९६८ नंतर : गृहव्यवहारातील भेदभावास १९६८ च्या कायद्याने बंदी झाली. १९७५ व १९७७ च्या कायद्यांनी बँकांना कर्जवाटपाची माहिती उघड करणे व आपल्या परिसरातील सर्व वस्त्यांना पतपुरवठा करणे भाग पडले. परंतु तोपर्यंत उपनगरांतील घरांच्या किमती अनेक पटींनी चढल्या होत्या. १९५० मध्ये पगारातून घेता आलेले घर १९७५ मध्ये वडिलांच्या मदतीशिवाय घेणे कठीण झाले होते. १९८० नंतर कंपन्यांच्या भागांच्या किमती घरांच्या किमतींपेक्षा वेगाने वाढल्या. कृष्णवर्णीय कुटुंबांची मालमत्ता मुख्यतः घरात आणि गोऱ्यांची बऱ्याच अंशी भागांतही असल्याने अंतर कमी होणे थांबले. २००७–०९ च्या अरिष्टापूर्वी चढ्या व्याजाची गृहकर्जे कृष्णवर्णीय वस्त्यांत अधिक खपविली गेली होती; अरिष्टात जप्तीही तेथे अधिक झाली. आजही कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी निम्म्याहून कमी, तर गोऱ्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात.

मतमतांतरे : काही अर्थशास्त्रज्ञांच्या मते विषमता टिकून राहण्याचे मुख्य कारण चालू उत्पन्नातील तफावत हे असून, ती नाहीशी झाल्यास संपत्तीतील अंतरही हळूहळू मिटेल. मेल्विन ऑलिव्हर व टॉमस शापिरो (१९९५), तसेच विल्यम डॅरिटी यांच्या मते समान उत्पन्नाच्या कुटुंबांतही मोठे अंतर उरते व त्याचे मूळ वारशात आहे. ही दोन मते दिसतात तितकी परस्परविरोधी नाहीत. उत्पन्न समान केल्याशिवाय अंतर मिटणार नाही हे खरे. पण डेरेनॉनकोर्ट हिच्या आकडेमोडीप्रमाणे बचत व परतावा यांचे दर दोन्ही समाजांत सारखे धरले, तरी आरंभीच्या अंतरामुळे बरोबरीस अनेक पिढ्या लागतात.

भरपाईची मागणी जुनी आहे. पूर्वीच्या गुलामांना निवृत्तिवेतन मिळावे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅली हाउस या धोबीकाम करणाऱ्या स्त्रीने मोठी संघटना उभारली. टपालाच्या गैरवापराचा आरोप ठेवून १९१७ मध्ये तिला कारावासात पाठविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात स्थानबद्ध केलेल्या जपानी-अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले. त्यानंतर १९८९ मध्ये जॉन कॉन्यर्स याने गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करणाऱ्या आयोगाचे विधेयक मांडले. ते वारंवार मांडले गेले, पण संमत झाले नाही. कृषी खात्याविरुद्धच्या दाव्यात १९९९ मध्ये तडजोड होऊन हजारो शेतकऱ्यांना रकमा मिळाल्या. २०२१ मध्ये संमत झालेली कर्जमाफी गोऱ्या शेतकऱ्यांनी न्यायालयात अडविल्यामुळे २०२२ मध्ये रद्द करण्यात आली व तिच्या जागी वर्णाचा उल्लेख टाळून भेदभावग्रस्तांना साहाय्य देण्याची तरतूद झाली. इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन या शहराने १९१९–६९ या काळातील गृहविषयक भेदभावाबद्दल तेथील कृष्णवर्णीय रहिवासी व त्यांचे वंशज यांना प्रत्येकी २५,००० डॉलर देण्याची योजना २०२१ मध्ये सुरू केली.

विशिष्ट मालमत्ता मूळ कुटुंबाकडे परत गेल्याची उदाहरणे विरळा आहेत. लॉस अँजेल्सजवळील मॅनहॅटन बीच येथे विला व चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ पासून समुद्रकाठी विश्रामगृह चालविले होते. नगरपालिकेने १९२४ मध्ये उद्यानाच्या नावाखाली ती जागा सक्तीने संपादन केली व १४,५०० डॉलर मोबदला दिला. उद्यान मात्र अनेक दशके झाले नाही. २०२२ मध्ये लॉस अँजेल्स परगण्याने ही जागा ब्रूस यांच्या वंशजांना परत केली, आणि पुढील वर्षी त्यांनी ती २ कोटी डॉलरना परगण्यासच विकली.